भाकर आधी, शेत मागनं

इतिहास म्हटला की राजे येतात, किल्ले येतात, सनावळ्या येतात. चूल येत नाही. चुलीतली राख तर नाहीच. बाया ती उचलून उकिरड्यावर टाकतात, तिचा कसला आलाय इतिहास?

जॉर्डनच्या ईशान्येला काळं वाळवंट आहे. जिकडं बघावं तिकडं काळा दगड, आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा. तिथं शुबैका नावाचा खळगा. पाऊस झाला की पाणी साचतं, एरवी चिखल भेगाळतो. त्याच्या काठाला १४,४०० वर्षांपूर्वी नातूफी माणसं उतरायची. शिकार करायची, रानातलं बी वेचायचं. नांगर नाही, गुरं नाहीत. कोपनहेगन विद्यापीठाच्या टोबियास रिश्टर यांच्या चमूनं ही जागा २०१२ ते २०१५ खोदली. आणि अमाया अरांझ-ओताएगी या बाईंनी चुलीतली राख फेकली नाही, तपासली. जळक्या कणांत २४ तुकडे भाकरीचे निघाले! रानगहू आणि लव्हाळ्याच्या कुळातले कंद दळून, कालवून भाजलेली, बिनखमिराची पातळ भाकर. २०१८ साली हे छापून आलं.

शेती यायला अजून ४,००० वर्षं होती, दोस्तहो. सातबारा नव्हता, पाटील नव्हता, बलुतं नव्हतं, आणि भाकर होती. ‘आम्ही पोसतो म्हणून तुम्ही जगता’ असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवणारा जमीनवाला तिथं औषधालासुद्धा सापडत नाही. पण उगाच सत्ययुग म्हणून नाचू नका. रानातलं बी वेचून, कांडून, दळून भाकर करायची म्हणजे कंबरडं मोडायचं काम. ती रोजची नसावी, सणासुदीची, पाव्हण्यारावळ्याची असावी, असं खोदणारेच म्हणतात.

मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. जुने पंडित सांगायचे, नातूफी संस्कृती जन्मली भूमध्य समुद्राकडच्या हिरव्या पट्ट्यात, तो गाभा. वाळवंटातले ते कडेचे, मागाहून आलेले. गावकुसाबाहेरचेच म्हणा की! पुरावा काय, तर गाभ्यात जास्त खोदलं होतं. कडेला खोदलंच कुणी नव्हतं फारसं. शुबैक्याच्या रेडिओकार्बन तारखा २०१७ साली छापल्या गेल्या, आणि कडेची ही वस्ती गाभ्यातल्या जुन्या वस्त्यांच्या बरोबरीची निघाली.

ती माणसं उठून गेली तेव्हा चूल झाडली नव्हती. शेवटचं रांधलेलं तिच्यातच राहिलं. वर अर्धा मीटर माती बसली. मग पुन्हा माणसं आली आणि त्याच जागेवर दगड लावून त्यांनी नवी चूल मांडली.