सिसएफएस

सिसएफएस : संगणकातील उपकरणांची माहिती आणि त्यांची बदलता येणारी सेटिंग्ज फाइलींच्या रूपात वापरकर्त्यापुढे मांडणारी लिनक्स कर्नलमधील आभासी फाइल प्रणाली. ती बहुधा ‘/सिस’ या डिरेक्टरीवर जोडलेली असते. पडद्याचा उजेड, प्रोसेसरचा कमाल वेग, कॅप्स लॉकचा दिवा अशा एकेका गोष्टीसाठी तीत एकेक छोटी फाइल असते. फाइल वाचली की उपकरणाची स्थिती कळते. परवानगी असेल तर तीत लिहून ती स्थिती बदलता येते. यांतील एकही फाइल डिस्कवर साठवलेली नसते. वाचणाऱ्याने मागितले, की कर्नल मजकूर त्या क्षणी तयार करून देतो.

पार्श्वभूमी : उपकरणांच्या रजिस्टरांना हात लावण्याचा अधिकार कर्नलकडे असतो, साध्या प्रोग्रॅमला तो नसतो. त्यामुळे सेटिंग बदलण्यासाठी कर्नलकडे विनंती करण्याची काही वाट लागते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘आयऑक्टल’ हा सिस्टीम कॉल आला. त्यात प्रत्येक ड्रायव्हर आपापले आज्ञाक्रमांक आणि माहितीची मांडणी ठरवतो. वाट सोयीची, पण ते क्रमांक जाणणारा प्रोग्रॅम हाताशी नसेल तर वापरकर्त्याला काहीच करता येत नाही.

दुसरी वाट ‘/प्रॉक’ची. चालू प्रक्रियांची माहिती फाइलींसारखी दाखवण्याची ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये युनिक्सच्या आठव्या आवृत्तीसाठी मांडली. लिनक्सने ती घेतली; मात्र तेथे प्रक्रियांशी संबंध नसलेल्या उपकरणांच्या फाइलीही साचत गेल्या. कुठे तक्ता, कुठे वाक्य, कुठे नुसता आकडा अशी प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. असा मजकूर चाळून आकडे काढणारे प्रोग्रॅम तक्त्यातला एक रकाना सरकला तरी अडखळत.

कर्नलच्या २.५ या विकास-मालिकेत पॅट्रिक मोशेल यांनी उपकरणांची एकसंध रचना उभी केली. तिच्यामागे वीजबचतीची निकड होती. संगणक झोपवताना कोणते उपकरण कोणत्या बसला (उपकरणे जोडणाऱ्या वाहिनीला) जोडलेले आहे हे कर्नलला ठाऊक हवे, नाहीतर उपकरणांच्या आधी बसच झोपी जायची. या वंशवृक्षाचे दर्शन घडवणारी फाइल प्रणाली आधी ‘डीडीएफएस’, मग ‘ड्रायव्हरएफएस’ आणि ड्रायव्हरांपलीकडेही तिचा उपयोग दिसल्यावर ‘सिसएफएस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीबरोबर ती सर्वांपर्यंत पोहोचली.

रचना : कर्नलमधील प्रत्येक ‘केऑब्जेक्ट’ (कर्नलने सांभाळलेली वस्तू) म्हणजे येथे एक डिरेक्टरी, त्याचा प्रत्येक गुणधर्म म्हणजे एक फाइल आणि दोन वस्तूंमधील नाते म्हणजे सांकेतिक दुवा. खरा वृक्ष ‘/सिस/डिव्हायसेस’मध्ये असतो. ‘/सिस/क्लास’मध्ये तीच उपकरणे प्रकारानुसार आणि ‘/सिस/बस’मध्ये जोडणीनुसार दुव्यांनी मांडलेली दिसतात. पडदा कोणत्या ग्राफिक्स चिपला जोडला आहे हे माहीत नसले, तरी ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’मध्ये शिरले की त्याचे सेटिंग सापडते.

एका फाइलीत एकच मूल्य, हा सिसएफएसचा मुख्य दंडक आहे. फार तर एकाच प्रकारच्या मूल्यांची ओळ चालते. डिस्कच्या ‘शेड्युलर’ फाइलीत उपलब्ध पर्यायांची नावे शेजारी शेजारी येतात आणि चालू पर्याय चौकटी कंसात असतो. तपमान अंश सेल्सिअसच्या हजाराव्या भागात सांगितले जाते, म्हणजे ४५००० हा आकडा ४५ अंश दाखवतो. कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित टाळतात, म्हणून ही पद्धत.

कार्यपद्धती : ड्रायव्हर प्रत्येक गुणधर्मासाठी दोन फलने देऊ शकतो : वाचनासाठी ‘शो’ आणि लेखनासाठी ‘स्टोअर’. ‘कॅट’ आज्ञेने फाइल वाचली की कर्नल स्मृतीचे एक पान राखतो आणि ‘शो’ त्यात मजकूर भरते. म्हणूनच आत दोनच अंक असले तरी फाइलींच्या यादीत तिचा आकार बहुतेक संगणकांवर ४०९६ बाइट दिसतो. तो त्या पानाचा आकार असतो. लिहिलेला मजकूर ‘स्टोअर’कडे जातो. हे फलन तो तपासते आणि पटला नाही तर त्रुटीचा संकेत परत करते.

बॅकलाइटच्या डिरेक्टरीत ‘मॅक्स_ब्राइटनेस’ ही फक्त वाचायची फाइल कमाल मर्यादा सांगते. ‘ब्राइटनेस’मध्ये हवा तो आकडा लिहायचा असतो, तर प्रत्यक्ष हार्डवेअर काय सांगते ते ‘अ‍ॅक्चुअल_ब्राइटनेस’ दाखवते. मागणी आणि वस्तुस्थिती यांना येथे मुद्दाम वेगळे ठेवले आहे.

परवानग्या : लेखनाचा हक्क बहुधा रूट वापरकर्त्यालाच असतो. ‘सुडो एको ८०’ असे लिहून पुढे बाणाने फाइलीचे नाव दिले, तर परवानगी नाकारली जाते. कारण फाइल उघडण्याचे काम शेल करतो आणि तो साध्या वापरकर्त्याच्याच हक्कांनी चालत असतो. म्हणून तोच आकडा ‘सुडो टी’कडे पाठवण्याची रीत रूढ आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एखादा गुणधर्म सर्वांना लिहिण्यासाठी खुला केला, तर कर्नल बांधतानाच ती चूक पकडली जाते. संगणक बंद केला की बदल पुसले जातात. ते पुन्हा लागू करण्यासाठी ‘यूडेव्ह’ या उपकरण-व्यवस्थापकाचे नियम वापरतात.

मर्यादा : एका फाइलीत एक मूल्य असल्यामुळे दोन मूल्ये एकाच वेळी बदलता येत नाहीत. बॅटरीचे चार्जिंग कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे यांच्या फाइली वेगळ्या असतात. सुरुवातीची मर्यादा शेवटच्या मर्यादेवर जाऊ पाहत असेल, तर आधी कोणती लिहावी याचा विचार करावा लागतो.

याहून मोठी अडचण वचनाची आहे. वापरकर्त्याचे चालू प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा नियम. त्यामुळे एकदा बाहेर ठेवलेल्या फाइलीचे नाव किंवा अर्थ सहज बदलता येत नाही. या फाइलींची नोंद कर्नलच्या दस्तऐवजांत स्थिर, चाचणीतील, कालबाह्य आणि काढून टाकलेल्या अशा चार गटांत ठेवतात. केवळ चाचपणीसाठी माहिती दाखवायची असेल, तर असे वचन नसलेली ‘डीबगएफएस’ ही निराळी प्रणाली आहे.

छोट्या बोर्डांवरील जीपीआयओ पिना (प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या जोडण्या) हे या अडचणीचे ठळक उदाहरण. सिसएफएसमधून त्या चालू-बंद करणे सोपे होते. मात्र पिन मागणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तरी पिन आपोआप मोकळी होत नसे. २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीत कॅरॅक्टर डिव्हाइसवर आधारलेला नवा मार्ग आला. त्यात प्रोग्रॅम संपताच पिन सुटते. जुना मार्ग कालबाह्य ठरवला गेला, पण त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट इतक्या होत्या की तो लगेच काढून टाकता आला नाही.