पुण्याच्या पाण्याचें माहेर

वैशाखाच्या अखेरीस भोरजवळील भाटघर धरणाचें पाणी तळाला गेलें, कीं कांबरें गांवचें कांबरेश्वराचें जुनें देऊळ वेळवंडीच्या पात्रांतून वर येतें. वर्षांतील बहुतेक काळ हा देव जलसमाधींत असतो. उन्हाळ्याचे चार दिवस भाविकांना त्याचें दर्शन घडतें. याच दिवसांत डोंगरावरच्या वाड्यांतील बाया डोकीवर हंडे घेऊन झऱ्यांच्या वाटा तुडवीत असतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण त्यांना कोणी शिकवावी लागत नाहीं. आम्हां पुणेकरांस मात्र तोटी फिरविली कीं पाणी येतें, एवढाच पाण्याचा भूगोल ठाऊक आहे. आपलें पाणी कोठून येतें हें शहरानें विसरावें, ही गोष्ट आम्हांस पाण्याच्या टंचाईहूनहि अधिक काळजीची वाटते.

पेशवाईंत हें विस्मरण शक्य नव्हतें. १७४९ त नानासाहेबांनीं कात्रजच्या डोंगरांतील पाणी अडवून नळानें शहरांत आणिलें. वाटेवर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले होते. शहरांत हौद होते. हौदावर घागर भरणारास दक्षिणेकडे मान वळविली, कीं ज्या डोंगराचें आपण पाणी पितों तो दिसत असे. पुढें इंग्रजी अमलांत मुठेवर खडकवासल्याचें धरण झालें. १८६९ ते १८७९ हा त्याच्या बांधणीचा काळ. शहर व लष्कर यांची तहान त्यानें भागविली, आणि त्याच्या कालव्यांवर मळे फुलले. आमच्या विद्यार्थिदशेंत सिंहगडाच्या वाटेनें जातांना ही हिरवळ डोळे भरून पाहावयास मिळे. आज तेथें इमारतींच्या भिंती आहेत.

शहर वाढलें तशी त्याची तहान एकेक खोरें ओलांडून वर चढूं लागली. आंबी नदीवर पानशेत व मोसे नदीवर वरसगांव हीं धरणें वेल्हे तालुक्यांत झालीं. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट उपयुक्त पाणी मावतें. त्यांपैकीं २३ अब्जांहून अधिक एकट्या पानशेत व वरसगांव यांत आहे. म्हणजे पुण्याच्या पांच घागरींपैकीं चार वेल्ह्याच्या डोंगरांत भरतात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठा बुडाल्या. पुणेकरांस पानशेत आठवतें तें या पुरामुळें. खोऱ्यांतील लोकांस आठवतें तें बुडालेल्या भातखाचरांमुळें. वरसगांवच्या जलाशयास आपण वीर बाजी पासलकरांचें नांव दिलें. ज्या मोसे खोऱ्याचे ते देशमुख, तेंच खोरें त्यांच्या नांवाच्या पाण्याखालीं गेलें.

भोरची कथा याहून जुनी. भाटघरचें पहिलें धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचें. सध्यांचें मोठें धरण १९२० नंतरच्या दशकांत पुरें झालें. खोरें पंतसचिवांच्या संस्थानांतील, परंतु पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती-फलटणकडे गेलें व तेथें ऊंस उभा राहिला. १९४८ त संस्थान विलीन झालें, तरी पाण्याची दिशा बदलली नाहीं. बारामतीनें सुखी व्हावें याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्यानें जमीन दिली त्याच्या घरीं घागर रिकामी राहावी, हा हिशेब कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं.

या हिशेबांत झाडें तर धरलेलींच नाहींत. माधव गाडगीळ यांनीं पानशेतच्या परिसराविषयीं जें लिहिलें आहे, तें विचार करावयास लावणारें आहे. धरणासाठीं रस्ता झाला. त्या रस्त्यानें कोळशाचे व्यापारी आले. जमिनी बुडाल्यामुळें नाडलेल्या लोकांनीं मिळेल त्या किंमतीस झाडें विकलीं. आणि डोंगर उघडे पडले. राहिल्या त्या बव्हंशीं देवराया, कारण तेथें कुऱ्हाड लावावयास लोक भीत. उघड्या उतरणीवर सह्याद्रीचा पाऊस थांबत नाहीं. तो माती घेऊन धांवतो. ती माती धरणाच्या तळाशीं बसते, आणि झरे माघांतच आटतात. धरण ही नुसती भिंत नव्हे. तिच्यामागचा डोंगर हाहि धरणाचाच भाग आहे.

आतां कोळशाची जागा बंगल्यांच्या भूखंडांनीं घेतली आहे. २०१७ त ११ व २०२१ त २३ गांवें महापालिकेंत आलीं. त्यांत खडकवासलाहि आहे. शहराची शीव धरणाच्या भिंतीला भिडली, आणि त्यापलीकडे डोंगर फोडून रस्ते व विश्रांतिगृहें होत आहेत. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्याच्या आजाची शेती आमच्या नळासाठींच बुडाली. मात्र शहरानें हें ध्यानीं धरावें, कीं कात्रजनंतर खडकवासला होतें, खडकवासल्यानंतर पानशेत होतें. पानशेतच्या मागें मात्र सह्याद्रीचा कडा आहे आणि कड्याखालीं कोंकण. पुढचें खोरें उरलेलें नाहीं.

याच वेल्ह्यांत राजगड व तोरणा उभे आहेत. राजगडावरील पद्मावती तलाव पाहिला, म्हणजे आमच्या पूर्वजांची दृष्टि कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्याआधीं पाणी पाहावें, एका झऱ्यावर विसंबूं नये, असें बजावलें आहे. आणि रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें जबरीनें तोडूं नयेत, असेंहि. ज्यांना गडावर चारपांचशें माणसें राखावयाचीं होतीं, त्यांनीं एवढा विचार केला. २०११ च्या शिरगणतींतच ३१ लाखांवर गेलेल्या शहरानें निदान तेवढा तरी करावा. धरणावरच्या वाड्यांना पहिलें पाणी, उतरणीवर बांधकामास बंदी, आणि झाडें राखणाऱ्या गांवास शहराच्या पाणीपट्टींतून वांटा, एवढें झालें तरी पुष्कळ. माहेरची माणसें उपाशी असतां सासरीं पंक्ति उठविणें आपल्यांत शोभत नाहीं.