बापाची रजा

सत्तरच्या दशकात स्वीडनच्या सामाजिक विमा खात्याने एक पोस्टर काढलं. लेनार्ट डालग्रेन हा धिप्पाड वेटलिफ्टर त्यावर तान्हं बाळ हातात घेऊन हसत होता. बापांनी बाळासाठी रजा घ्यावी म्हणून सरकारने चक्क पहिलवान उभा केला होता.

गोष्ट सुरू झाली ती मात्र समानतेपासून नव्हे, लोकसंख्येच्या धास्तीतून. १९३०च्या दशकात स्वीडनमधला जन्मदर घसरला होता. विवाहित बायकांना नोकरीवरून काढा, घरी बसू द्या, अशी ओरड चालू होती. १९३४ साली अल्वा आणि गुन्नार म्युर्डाल या दांपत्याने पुस्तक लिहून ती ओरड उलटवली: नोकरदार बाईला मूल परवडेल अशी सोय करा, मग बघा. (याच अल्वाबाई पुढे दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या.) लग्न किंवा बाळंतपण या कारणाने बाईला कामावरून काढायला १९३९च्या कायद्याने बंदी आली.

बाईने घरीच बसावं या चालीवर खरा घाव घातला तो प्राप्तिकरातल्या बदलाने. पूर्वी बायकोचा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवून कर लागे. तिची कमाई थेट वरच्या टप्प्यात जाई आणि हाती फारसं उरत नसे. 'कशाला करायची नोकरी?' हा प्रश्न हिशेबालाच धरून होता. १९७१पासून दोघांच्या पगारावर वेगवेगळा कर बसू लागला. या रूक्ष दुरुस्तीने जे साधलं, ते कित्येक परिषदांनाही साधलं नसतं.

१९७४ साली बाळंतपणाच्या रजेच्या जागी आईबाप दोघांनाही घेता येईल अशी भरपगारी नव्हे, पण पगाराच्या ९० टक्के भरपाईची सहा महिन्यांची रजा आली. असं करणारा स्वीडन जगातला पहिला देश. बापांनी सुरुवातीला त्यातले जेमतेम अर्धा टक्का दिवस घेतले! पोस्टरं लावूनही फार हललं नाही. अखेर १९९५ साली एक महिना दोघांपैकी प्रत्येकासाठी राखून ठेवला: स्वतः घ्या, नाहीतर सोडा. २००२ आणि २०१६ साली आणखी एकेक महिना वाढला. आता बापांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे.

दरम्यान मुलं पाळणाघरात गेली, म्हाताऱ्यांची देखभाल नगरपालिकांकडे आली. घरी फुकट होणारं काम पगारी झालं, आणि त्या नोकऱ्यांवर लागल्या त्या मुख्यतः बायकाच. आजही तिथल्या पाळणाघरांत आणि वृद्धसेवेत पुरुष मोजकेच आहेत.