कोंबड्यांची उतरंड आणि एका मुलाची वही

आमच्या परसात सात गावरान कोंबड्या होत्या. एका पावसाळ्यात त्यांतल्या एकीला मुंगसानं धरलं. ओरडा ऐकून आम्ही धावलो, म्हणून ती वाचली. पण पाठीवर चांगलीच जखम झाली होती. जखम भरेपर्यंत तिला घरात डालग्याखाली ठेवली. महिन्याभरानं परसात सोडताना वाटलं, आता ही आपल्या मैत्रिणींत रमेल. झालं उलटंच. बाकीच्या सहाजणी तिच्यावर तुटून पडल्या. ती सरपणाच्या ढिगामागे जाऊन बसली, ती संध्याकाळपर्यंत दाण्यालाही बाहेर आली नाही.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "अहो, विसरल्या त्या तिला. आता ती परकीच!"

कोंबड्या एकमेकींना ओळखतात? आणि विसरतातही? या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरं मिळायला जिथून सुरुवात झाली, ती गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

थॉर्लिफ शेल्डेरुप-एब यांचा जन्म 1894 साली नॉर्वेची राजधानी क्रिस्टियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो, इथे झाला. आई-वडील दोघंही शिल्पकार. मुलाला मात्र लहानपणापासून कोंबड्यांचा नाद लागला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यानं त्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोण कोणाला टोचते, दाण्यावरून कोण कोणाला हटवते, कोण निमूट बाजूला होते, हे सारं वहीत उतरत गेलं. यासाठी उपकरण लागलं नाही. लागली ती एक अट : प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखता आली पाहिजे.

या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. कोंबड्या वाटेल तशा भांडत नाहीत. कोणत्याही दोघी घेतल्या, तर त्यांतली एक दुसरीला टोचते आणि दुसरी उलट टोचत नाही. सगळ्यात वरची सर्वांना टोचते. सगळ्यात खालची सर्वांचं टोचून घेते. आपल्या माजघरातल्या मडक्यांसारखी ही उतरंडच! पण ती नेहमी सरळ नसते. कधीकधी 'अ' ही 'ब'ला टोचते, 'ब' ही 'क'ला, आणि 'क' मात्र 'अ'ला! असे त्रिकोणही त्यांनी नोंदवले. 1922 साली हे संशोधन जर्मन भाषेतल्या एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

मग कोंबड्या दिवसभर टोचाटोचीच करतात का? नाही. उतरंड एकदा ठरली, की नुसती मान उंचावली तरी पुरतं. समोरची बाजूला होते. म्हणजे उतरंड भांडण वाढवत नाही, वाचवते. पण ती टिकण्यासाठी प्रत्येकीला बाकीच्या सगळ्या लक्षात असाव्या लागतात. सात कोंबड्यांत जोड्या किती? 21. दहांत? 45. एवढी नाती त्या कळपाला सांभाळावी लागतात.

ही ओळख कशावर ठरते? अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये गुल आणि ऑर्टमन यांनी कोंबड्यांची रूपं बदलून पाहिली. त्यांचे निष्कर्ष 1953 साली प्रसिद्ध झाले. डोकं, तुरा आणि मान यांच्या रूपात केलेला बदल ओळखीच्या आड सर्वांत जास्त येत होता. दोन-तीन आठवडे दूर ठेवलेल्या कोंबडीची ओळख पुसट होते, हेही त्या काळच्या निरीक्षणांतून दिसलं. आजींचं म्हणणं खरं होतं!

उतरंड सतत विस्कटत राहिली तर? त्याच गुल यांनी शिकागोच्या वॉर्डर अ‍ॅली यांच्याबरोबर हे आधीच तपासलं होतं. काही कळपांतल्या कोंबड्या ते वरचेवर बदलत राहिले, काही कळप तसेच ठेवले. 1944 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. बदलत्या कळपांत टोचाटोची जास्त झाली, आणि त्या कोंबड्यांनी स्थिर कळपांपेक्षा दाणे कमी खाल्ले. परक्यांत सतत वावरण्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

आता आमच्या कोंबडीकडे वळू. तिला धीर देणं म्हणजे कुरवाळणं नव्हे; कळपाला तिची पुन्हा ओळख होऊ देणं. आम्ही परसात जाळी लावून तिच्यासाठी एक कोपरा केला. सगळ्या एकमेकींना पाहू शकत, टोचू मात्र शकत नसत. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाणे टाकायचे. आठवड्यानंतर सर्वांत शांत कोंबडी तिच्या सोबतीला दिली. मग एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दोघींना खुराड्यात दांडीवर बसवलं. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्या भांडत नाहीत. सकाळी सगळ्या बरोबरच बाहेर पडल्या. दाणे-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवली, लपायला एक तिरकी फळी लावली. एक खबरदारी मात्र हवीच : जखम पूर्ण भरलेली पाहिजे. रक्ताचा लाल रंग दिसला, की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

पहिले दोन-तीन दिवस टोचाटोची झाली. आम्ही मध्ये पडलो नाही. कारण नवं नातं त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. रक्त निघालं असतं, तर मात्र तिला लगेच उचललं असतं.

शेल्डेरुप-एब यांना पुढे वाटू लागलं, की हुकूमशाही हा साऱ्या सृष्टीचाच नियम आहे. कोंबड्यांवरून एवढी मोठी उडी मारू नये. अ‍ॅली यांनी तर प्राण्यांमधल्या सहकार्यावरच पुष्कळ काम केलं. आपल्याकडेही 'उतरंड' हा शब्द समाजासाठी वापरला जातो. म्हणून हे सांगून ठेवलेलं बरं. आमच्या कोंबडीचंच पाहा. आधी ती तिसरी होती, आता ती सहावी आहे. तिच्या रक्तात काही बदललं नाही, बदलली ती परिस्थिती. जागा जन्मानं मिळत नाही, हे कोंबड्याही सांगतात.

गावातल्या मुलांना घरच्या कोंबड्यांची अशी वही ठेवायला सांगून पाहा. आधी प्रत्येकीची खूण लिहायची, मग पंधरा दिवस फक्त पाहायचं. त्रिकोण सापडतो का, ते शोधायचं. आणि वर्गात मध्येच एखादा नवा मुलगा आला, तर पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांपुढे उभं करायचं, की आधी एका शांत मुलाशेजारी बसवायचं, याचाही विचार करावा. कोंबड्यांवरून माणसांचे नियम काढायचे नाहीत, हे खरं. पण ओळख व्हायला वेळ लागतो, एवढं त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.