कामगाराच्या अंगाची किंमत

गिरणीत कामगाराचा हात गेला तर त्याचे पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा आहे. आम्ही आज तो इतिहासाचा म्हणून मांडणार आहो. कारण त्या हाताचे पैसे नेहमीच कोणी तरी देत आले आहे. देणारा तेवढा बदलत गेला.

१८८४ साल घ्या. त्या वर्षी जुलै महिन्यात जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा करून घेतला आणि भरपाईचा बोजा मालकांच्या संघांवर टाकला. जगाच्या इतिहासात हे साल त्यासाठी नोंदले जाते. पण त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे ५,५०० कामगारांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कारखाना कमिशनकडे गेला. त्यातील रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या बहुतेकांस ठाऊक असतात. एक मागणी मात्र आपण घाईने ओलांडून जातो. कामावर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे पंगुत्व आल्यास पोटापाण्याची तजवीज व्हावी, असे त्या अर्जात म्हटले होते. बर्लिनमध्ये जे सत्तेने वरून दिले, ते मुंबईत मजुरांनी खालून मागितले, आणि तेही त्याच साली.

रविवार १८९० मध्ये मिळाला. दुखापतीच्या भरपाईचा कायदा अमलात यावयास १ जुलै १९२४ उजाडावा लागला. चाळीस वर्षे! या चाळीस वर्षांत तो खर्च कोणी सोसला?

कामगार मेला तर त्याच्या वारसांना १८५५ च्या कायद्याने दावा लावता येई. पण चूक मालकाची होती, हे वारसांनीच सिद्ध करावयाचे. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, तो वकील कोठून आणणार? जो जगला त्याची वाट निराळी. फिरत्या पट्ट्यात हात सापडला की त्याच्या जागी बदली कामगार उभा राही, साचा पुन्हा चालू होई, आणि जखमी माणूस बोटीने रत्नागिरीकडे जाई. तेथे भाऊबंद होते, वरकस जमिनीचा तुकडा होता, नाचणीची भाकर होती. म्हणजे भरपाई मिळत नव्हती असे नव्हे. ती गिरणीऐवजी कोकणातले घर देत होते. गिरणीच्या ताळेबंदात ही रक्कम कधी दिसली नाही, म्हणून ती नव्हतीच असे पुष्कळांना वाटत राहिले.

१९२३ च्या कायद्याने तो बोजा प्रथमच मालकाकडे वळविला. चूक कोणाची, हा वाद बहुतांशी मिटला; कामावर असताना कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. त्या कायद्याला जोडलेले परिशिष्ट वाचताना अंगावर काटा येतो. उजवा हात कोपराच्या वर तुटला तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे धरावयाचे, डोळा गेला तर ३० टक्के, अंगठा २५, तर्जनी १०. वाण्याच्या दुकानातील भावफलकच जणू. तथापि आम्ही या फलकाला निर्दय म्हणणार नाही. यंत्रांना कठडे घालावेत, असे १८८१ चा कारखाना कायदाही सांगत होताच. पण अंगठ्याला भाव नसताना कठड्याचा खर्च म्हणजे नुसते नुकसान होते. भाव ठरल्यावर जाळी स्वस्त की अंगठा स्वस्त, हे गिरणीच्या कारकुनालाही मांडून दाखविता येऊ लागले.

अडचण होती ती भावफलकावर नसलेल्या अवयवाची, म्हणजे फुप्फुसाची. कापूस पिंजताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, आठवडा सरता सरता बरे वाटते. पुढे मात्र सगळेच वार सोमवार होतात. ताग-अंबाडी विंचरणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल इटलीतील वैद्य रामात्सिनी याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते. तरी १९२३ च्या यादीत शिशाची विषबाधा आणि अँथ्रॅक्स यांसारखे मोजकेच रोग आले. कापसाच्या धुळीचा रोग यादीत यावयास आणखी कित्येक दशके लागली. तोवर दमेकऱ्याचा खर्च पूर्वीप्रमाणे कोकणच देत राहिले.

दुसरे वळण प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने दिले. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईस आली. आता अपघाताबरोबर साधा आजारही विम्यात आला. ताप आलेल्या कामगाराला औषध आणि पगाराचा काही भाग मिळू लागला, ही मोठीच गोष्ट होय. मालक व कामगार दोघेही वर्गणी भरू लागले, आणि बुडीत निघालेल्या मालकामुळे जखमी माणूस उपाशी राहण्याचे भय गेले.

पण एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने थोडे गेले. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी पगाराच्या ३.२५ टक्के आहे, कामगाराची ०.७५ टक्के. ज्याच्या कारखान्यात वर्षात दहा बोटे तुटली त्याचाही दर हाच, आणि एकही तुटले नाही त्याचाही हाच. भावफलकाने जी जरब बसविली होती ती येथे सैल झाली. आजकाल मोठ्या कचेऱ्यांतून रक्तदाब मोजतात, योगाचे वर्ग भरवितात; उत्तम आहे, परंतु हवेतील धूळ त्याने कमी होत नाही.

ही त्रुटी १९४८ च्या कायदेकारांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याच्या ६९ व्या कलमात असे होते की, कारखान्यातील अस्वच्छतेमुळे किंवा आरोग्याचे नियम न पाळल्यामुळे आजारपण वाजवीपेक्षा वाढले, तर जादा खर्च महामंडळाने मालकाकडून मागावा. आणि चाळीच्या घाणीने वाढले, तर चाळीच्या मालकाकडून. गिरणगावच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या कलमाचा आवाका वेगळा सांगावयास नको. पुढे १९२३ व १९४८ चे हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अशी मागणी शाबीत करावयाची तर दवाखान्यातील आजारांची वही आणि निरीक्षकाकडील धुळीची वही एका टेबलावर उघडावी लागते. त्या दोन वह्या दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत असतात.