उमेदवाराची पारख

नोकरीच्या उमेदवारास भेटीस बोलावून अर्ध्या घटकेंत त्याची कर्तव्यनिष्ठा ताडावयाची, हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. ज्ञान विचारतां येतें, हस्ताक्षर पाहतां येतें. पण श्रमाची आवड तोंडच्या उत्तरांत सांपडेलच असें नाहीं. मग ती शोधावी कोठें? धाराशिव जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या परिसरांतच, नळदुर्गास, या प्रश्नाचा एक बोलका दाखला आहे.

१८५३ सालीं निजामाशीं झालेल्या तहानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्गाचा मुलूखही इंग्रजी कारभाराखालीं आला. त्याच वर्षीं विलायतेंत कायदा होऊन, कंपनीच्या मुलकी जागा संचालकांच्या मर्जीनें देण्याची चाल मोडली व परीक्षेची पद्धत ठरली. पहिली परीक्षा १८५५ त झाली. ही सुधारणा मोठी खरी. परंतु नळदुर्गास जो अधिकारी आला, त्यानें कंपनीचें हेलिबरीचें विद्यालयही पाहिलें नव्हतें आणि ही परीक्षाही दिली नव्हती.

त्याचें नांव फिलिप मेडोज टेलर. १८२४ सालीं, ऐन पोरवयांत, तो मुंबईच्या एका पेढीवर नोकरीसाठीं आला. पेढी अडचणींत निघाली, तेव्हां एका आप्ताच्या शब्दानें त्यास निजामाच्या फौजेंत जागा मिळाली. शब्दानें दार उघडलें. पुढें चालणें त्याचें त्यालाच होतें. देशी भाषा, कायदा, जमिनीची मोजणी हें सारें तो चाकरी करतां करतां शिकला. १८४१ पासून बारा वर्षें कर्नाटकांतील शोरापूर संस्थानाचा कारभार त्यानें अल्पवयी राजाच्या वतीनें पाहिला. नळदुर्गास येतांना त्याच्या गांठीं हीच बारा वर्षें होतीं. तो परसत्तेचा सेवक होता, हें आम्ही विसरत नाहीं; पण त्याची साक्ष त्याच्या तोंडानें नव्हे, कामानें दिली, हेंही खरें.

मात्र ज्यास कोणीं कामच दिलें नाहीं, त्या गरिबाच्या मुलानें काय दाखवावें? येथें ‘उमेदवार’ या शब्दाचाच जुना अर्थ उपयोगी पडतो. नेमणुकीच्या आशेनें कचेरींत बिनपगारी राबणारा, तो उमेदवार. त्याचें काम रोज डोळ्यांपुढें असे, म्हणून पारख खरी होई. पण घरीं खावयास असेल त्यालाच ती परवडे, हा तींतला अन्याय.

आमच्या मतें यांतील गुण घ्यावा व दोष टाकावा. ‘तुम्ही मेहनती आहां काय?’ या प्रश्नास नाहीं म्हणणारा विरळा. त्यापेक्षां कोणतें काम अंगावर घेतलें, तें कोठें अडलें, मग काय केलें, हें विचारावें. शेतांतलें व दुकानांतलें कामही त्यांत धरावें. आणि तरीही संशय उरला, तर चार दिवस काम देऊन पाहावें. पण चार दिवसांची मजुरी देऊन.