आठवडी बाजार चालतो तरी कसा? छत्रपती संभाजीनगरच्या उघड्यावरच्या बाजारांची गोष्ट

रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांना गावातला बाजार चांगलाच ठाऊक असतो. चौकात चार पालं, भाव ठरलेला आणि दुकानदार वर्षानुवर्षे एकाच जागी उभा. खऱ्या आठवडी बाजाराचं गणित याच्या नेमकं उलट आहे. तिथे दुकान फिरतं, भाव तासातासाला बदलतो आणि संध्याकाळी अख्खा बाजार गायब होतो. छत्रपती संभाजीनगरसारख्या महापालिकेच्या शहरातही असे बाजार अजून भरतात. रविवारी जाफर गेटला, गुरुवारी छावणीत, शुक्रवारी चिकलठाण्याला.

बाजारांचे वार वेगवेगळे असण्यामागे कारण आहे. मसाले, भांडी, तयार कपडे किंवा चपला विकणारा व्यापारी एकाच गावात रोज बसला तर त्याला पुरेसं गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून तो आज या गावी तर उद्या त्या गावी जातो. शेजारच्या गावांनी एकच वार धरला, तर दोघांचंही नुकसान. शेतमजुरांना आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी देण्याची रीत अनेक गावांत याच वेळापत्रकावर बसलेली आहे.

या शहराचा बाजारांशी संबंध अगदी जन्मापासूनचा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवलं आणि पुढे औरंगजेबाच्या काळात तेच औरंगाबाद झालं. मोगल सरदारांनी आपापले पुरे वसवले. जसवंतपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावं तिथलीच. लष्कर आलं की दाणागोटा, चारा, कापड लागतं, म्हणून बाजारही मागोमाग येतो. कासारी बाजार, गुलमंडी, सराफा या नावांवरून कुठे काय मिळत होतं ते आजही कळतं. तेव्हाच्या दख्खनेत पेठेची व्यवस्था बघायला शेटे आणि महाजन हे वतनदार असायचे. नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना काही वर्षं करात सूट देणारा कौल दिला जाई. म्हणजे गुंतवणूकदारांना सवलत देण्याची आयडिया काही आजची नाही.

मग आजच्या बाजाराचा मालक कोण? जागा आणि वसुली स्थानिक संस्थेची. महापालिका १९८२ मध्ये झाली, छावणीचा कारभार मात्र छावणी परिषदेकडे, आणि खेड्यातला बाजार ग्रामपंचायतीचा. बसणाऱ्याकडून जी रक्कम घेतात तिला कुणी बाजार बैठक म्हणतं, मराठवाड्यातली जुनी माणसं तहबाजारी म्हणतात. बहुतेक ठिकाणी या वसुलीचा वर्षाचा लिलाव होतो. ठेकेदार संस्थेला एकरकमी पैसे भरतो आणि मग बाजारात फिरून पावत्या फाडतो. पावतीवरचा आकडा आणि हातातून गेलेली रक्कम जुळते का, यावरून होणारे वाद बाजाराइतकेच जुने आहेत.

पण भाव कुणी ठरवत नाही. बाजार समितीत शेतमाल अडत्यामार्फत विकला जातो; इथे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियानही सुरू झालं. सकाळी मेथीची जुडी चढ्या भावात जाते. दुपारनंतर ऊन लागून पाला मान टाकतो आणि दिवेलागणीला वाटे लावून विक्री होते. अनुभवी गिऱ्हाईक म्हणूनच उतरत्या बाजाराला जातं. परतीचं भाडं खिशातून देऊन उरलेला माल घरी नेण्यापेक्षा मिळेल त्या भावात देणं शेतकऱ्याला परवडतं.

जनावरांच्या बाजाराची भाषा निराळी. बैलाचं वय दातांवरून बघतात: अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला. देवणी, लाल कंधारी या मराठवाड्याच्या जाती, त्यामुळे पारखणारे डोळेही इथे कमी नाहीत. हेडी म्हणजे जनावरांचे व्यापारी. ते रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणेने भाव करतात; बाजूला उभ्या माणसाला आकडा कळत नाही. सौदा ठरला की इसार द्यायचा आणि दावं सोडायचं.

या बाजाराला मोठा धक्का बसला तो २०१५ मध्ये. राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि थकलेल्या बैलाचा नेहमीचा खरेदीदार गेला. पूर्वी म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत भर घालून शेतकरी नवा घ्यायचा. ती साखळी तुटली. त्यात ट्रॅक्टर वाढले. २०२० मध्ये कोरोनाने बाजार बंद पाडले आणि २०२२ मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार पुन्हा थांबवावे लागले.

भाजीवाल्यांचा प्रश्न जागेचा आहे. रस्ता रुंद करायचा असो की वाहतूक सुरळीत, नजर आधी पालांवर जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांना आधार आहे: सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही आणि ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं कायदा म्हणतो. अडचण अशी की प्रमाणपत्रासाठी उपजीविकेचं दुसरं साधन नाही, असं लिहून द्यावं लागतं. आठवड्यातून एकदा दोन पोती वांगी घेऊन येणारा शेतकरी हे कसं लिहून देणार? त्याच्याकडे शेत आहे! पीएम स्वनिधी योजनेत आसपासच्या खेड्यांतून शहरात येऊन विकणाऱ्यांना पालिकेच्या शिफारसपत्रावर कर्ज मिळू शकतं. पहिलं कर्ज योजना सुरू झाली तेव्हा १० हजारांचं होतं. पण शिफारसपत्राने जागेचा हक्क मिळत नाही.

म्हणूनच बाजारात जागा टिकते ती ओळखीवर. अमक्या लिंबाखाली तमक्या गावची बाई बसते हे शेजारच्यांना माहीत असतं. ती एखाद्या रविवारी आली नाही, तर शेजारीण गोणपाट टाकून तिची जागा धरून ठेवते.